हात मांडीखाली

आमच्या ह्यांना लोकांच्या घरचे नळ दुरुस्त करायची भारी हौस, आणि आमच्या मोरीतला नळ सात वर्षं गळतोय. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्यांचं काही चांगलं बोलले तर कुणी म्हणायला नको की बाई नवऱ्यावर फिदा आहे. फिदाबिदा काही नाही. सव्वीस वर्षांचा संसार आहे. त्यात मी बोलत आले आणि ते ऐकून न ऐकल्यासारखं करत आले. पण यंदा जे झालं ते मला अजून पचलेलं नाही. घराच्या पुढच्या खोलीतल्या दुकानात इस्त्री फिरवता फिरवता हात मधेच थांबतो आणि कापड जळल्याचा वास आल्यावरच मी भानावर येते.

धंद्यानं हे प्लंबर. खांद्याला पिशवी, पिशवीत दोन पाने, वॉशरची डबी, फडकं. अंगावरच्या कपड्यांची शुद्ध नाही, पण चष्म्याला मात्र जिवापाड जपायचे. एकदा चष्मा कुणाच्या तरी पाण्याच्या टाकीत पडला, तेव्हापासून सवयच लागली. वाकायचं असो, जांभई द्यायची असो, आधी चष्मा काढून वरच्या खिशात ठेवायचा. शिंक येणार असली तरीसुद्धा! "अहो, शिंक काय तुम्हाला आधी निरोप धाडून येते का?" असं मी विचारायची. ते शिंकायचे, नाक पुसायचे, चष्मा परत डोळ्यावर चढवायचे आणि कामाला लागायचे.

आणि दरवर्षी सुट्टीत दहा दिवस हा माणूस धंदा बंद ठेवून चाळीस पोरांना घेऊन तलावाकाठी तंबूत राहायला जायचा. एकदा नाही, दोनदा नाही, बावीस वर्षं! शिबिर म्हणे. पोरं ह्यांना नळसर म्हणतात. स्वतःच्या घरात खिळा ठोकायला सांगितला तर "उद्या बघू", आणि लोकांच्या पोरांना दोऱ्यांच्या गाठी शिकवायला सगळ्यात पुढे. "लष्कराच्या भाकऱ्या भाजा तुम्ही," मी म्हणायची, "घरी मी आहेच चुलीपाशी."

दहा दिवसांनी हे परत यायचे ते रापलेले, घसा बसलेला, आणि उजव्या बाहीला आतून निळ्या शाईचा डाग. दरवर्षी! मनगटापासून कोपरापर्यंत हातभर आकडे लिहिलेले असायचे. मी इस्त्रीवाली. गावभरच्या कॉलरी आणि कफ माझ्या हाताखालून जातात, आणि माझ्याच नवऱ्याच्या बाहीला शाई! "पोरांनी लिहिलंय," हे हसत सांगायचे. "का? पोरांना वह्या नाहीत?" यावर पुन्हा हसायचे. मी स्पिरिट आणि कापूस घेऊन डाग घासत बसायची आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायची. काय लिहिलंय ते मात्र बावीस वर्षांत एकदाही वाचलं नाही.

यंदा शिबिराच्या स्वयंपाकीणबाईंची लेक बाळंत झाली आणि बाई ऐनवेळी येईनाशा झाल्या. हे दोन दिवस घरात नुसते येरझाऱ्या घालत होते. तिसऱ्या दिवशी दारात उभं राहून म्हणाले, "अगं, तू येतेस का?" मी इस्त्री खाली ठेवली. नणंद आलेली होती, ती म्हणाली, "जा गं वहिनी, दुकान मी बघते. दादाचं तिथे असं काय आहे ते तरी कळेल." खरं सांगायचं तर मी तेवढ्यासाठीच गेले. घरापेक्षा जास्त गोड असं तिथे काय आहे, ते एकदा डोळ्यांनी बघायचंच होतं.

पोचले आणि पहिल्याच दिवशी तोंडात बोट घातलं. आठ तंबू होते, आणि ते पोरांनीच उभारले. दोन तर तीनदा कोसळले, तरी एकाही मोठ्या माणसानं हात लावला नाही. संडास धुवायच्या पाळ्या लागल्या, त्यात मोठ्या घरची पोरंसुद्धा! एक मुलगा होता, त्याच्या आईनं बॅगेत अकरा जोड कपडे भरून दिले होते, कडक इस्त्रीचे. त्यातले सहा माझ्याच हातचे, मी घडीवरून ओळखले. पोरांनी त्याला नाव पाडलं, अकरा जोड. बुटाची नाडी आई बांधायची, त्यामुळे पहिले दोन दिवस तो नाड्या लोंबकळवत फिरला आणि तंबूमागे जाऊन रडला. माझा जीव तीळतीळ तुटला. मी नाडी बांधायला वाकले, तोच मागून ह्यांचा आवाज आला, "हात मांडीखाली!"

तो तिथला नियम. मोठ्या माणसाचे हात मदतीसाठी शिवशिवायला लागले की त्यानं समोरच्या ओंडक्यावर बसायचं, दोन्ही हात मांडीखाली घालायचे आणि तोंड बंद ठेवायचं. पोरं चुकली तरी चुकू द्यायची, जिवावर बेतणार असेल तरच उठायचं. मी बसले. समोर एक पोरगा बटाटा असा सोलत होता की सालीबरोबर निम्मा बटाटा जात होता. हात ठेवले मांडीखाली, पण जीभ कुठे ठेवू? "अरे, सोलतोयस की तासतोयस?" असं निघालंच तोंडातून.

"काकू, बोलणंही मांडीखाली," असा लगेच एक आवाज आला.

ही आमची हवालदारीण. वय वर्षं बारा, दोन घट्ट वेण्या, आणि जगातल्या प्रत्येकाची चूक शोधून काढायचा विडा उचललेला. कोणी दात घासले नाहीत, कोणी पाणी सांडलं, सगळं हिच्याकडे जमा. पहिल्या तीन दिवसांत तिनं माझ्या चार चुका काढल्या. मी पळी जमिनीवर ठेवली, हात न धुता कणीक घेतली, उकळत्या पातेल्याची मूठ बाहेरच्या बाजूला ठेवली, आणि चौथी म्हणजे या तीन चुका मान्य केल्या नाहीत. मी ह्यांना म्हटलं, "ही पोरगी सासरी गेली तर सासूच माहेरी पळून जाईल." हे म्हणाले, "तिच्या घरी तिचं कोणी ऐकत नाही गं. इथे ऐकतात." मी म्हटलं, कळलं हिला इथे का धाडलं ते, बिचाऱ्या घरच्यांनी सुटका करून घेतली असणार.

पण चौथ्या दिवशी अकरा जोड माझ्यासमोर चुलीला फुंकर घालत बसला होता. नाड्या बांधलेल्या, वेड्यावाकड्या, पण बांधलेल्या. डोळ्यांत धूर गेला होता आणि पोरगं हसत होतं. मी बघतच राहिले. घरी याच्या आईला मी दर आठवड्याला भेटते, आमचा बाळ उन्हात जात नाही, आमच्या बाळाला गर्दी सोसत नाही, हे ऐकून माझे कान किटलेत.

सहाव्या दिवशी सकाळी भात चुलीवर होता आणि हे तंबूंच्या मधोमध धाडकन पडले. पाय धरून विव्हळायला लागले. माझ्या हातातलं भातवाढणं कुठे गेलं मला कळलं नाही. मी अशी किंचाळले की झाडावरची पाखरं उडाली. धावणार तेवढ्यात पीटी सरांनी वाट अडवली. शिबिरात मोठी माणसं चारच, आम्ही दोघं, हे पीटी सर आणि टेंपोचा ड्रायव्हर. पीटी सर म्हणाले, "वहिनी, बसा. नाटक आहे. दरवर्षी एक दिवस न सांगता पडतात नळसर. पोरांची परीक्षा असते."

बसले. समोर पोरं एका शब्दानं न ओरडता कामाला लागलेली. एक डोक्याशी, एक पायाशी, दोघं काठ्या आणि सतरंजी घेऊन झोळी करायला, दोघं रस्त्याकडे पळायला. फोन लागायचा तो डांबरी रस्त्याच्या वळणावरच. आणि एका चिमुरड्या मुलीनं ह्यांची बाही वर सारली, हातातल्या घड्याळात बघितलं आणि पेनानं हातावर लिहिलं, ९.४०. मी मनात म्हटलं, असं होय! हे माझ्या बाहीचे चोर!

सगळं झाल्यावर हे पडल्यापडल्याच "शाबास" म्हणाले. तोही नियमच होता. सरांच्या तोंडून शाबास ऐकू येईपर्यंत सगळं खरं धरायचं, मग कोणी हसो, कोणी काही म्हणो. हे उठले, खिशातून चष्मा काढून डोळ्यावर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी त्यांना पोरांदेखत झाडलं. "लाज नाही वाटत? या वयात असली अभद्र सोंगं! वास्तुपुरुष तथास्तु म्हणत असतो, ठाऊक आहे ना?"

"अगं, वास्तू कुठे इथे? तंबू आहे," हे म्हणाले. मग जवळ येऊन हळू म्हणाले, "एवढी चाळीस पोरं, पण ओरडलं कोण? तू एकटी." मला ते फार लागलं. दुपारपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही.

दुपारी जेवणं झाली. टेंपो भाजी आणायला गेला होता. पोरं ताटं घासत होती. मी ओंडक्यावर बसून बटाटे चिरत होते, शेजारी पीटी सर शिट्टीची दोरी बांधत होते. हे पाण्याच्या पिंपाचा नळ उघडून बसले होते, गळत होता म्हणून. मी मनात म्हणतेय, घ्या, इथला नळ लगेच. तेवढ्यात ह्यांच्या हातातला पाना गळून पडला. ते उठायला गेले, अर्धे उठले, आणि पिंपाच्या कडेनं घसरत खाली आडवे झाले.

आणि मी हसले. खरंच सांगते, हसले. मोठ्यानं म्हणाले, "झालं! सकाळी पोट भरलं नाही वाटतं. उठा आता, एवढे बटाटे पडलेत." पीटी सरही हसले, "वहिनी, यंदा सर डबल परीक्षा घेताहेत." सकाळी मी ओरडले त्याचा ठपका धुवायचा होता ना मला! म्हणून सुरी बाजूला ठेवली, ऐटीत दोन्ही हात मांडीखाली घातले आणि म्हटलं, "बघा, आता मीही शिकले." माझा नवरा दहा पावलांवर मातीत पडलेला, आणि मी हात मांडीखाली घालून बसलेली. हे मी आयुष्यात विसरणार नाही, आणि कुणी मला विसरायला सांगूही नये.

हवालदारीण ताट टाकून धावली. गुडघ्यावर बसली, ह्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि मान वर करून ओरडली, "चष्मा डोळ्यावर आहे! फुटलाय! सर पडायच्या आधी चष्मा काढतात. हे शाबासवालं नाहीये, हे खरंय!"

चष्मा! सव्वीस वर्षं मी ज्याची टिंगल केली, तो चष्मा. माझ्या नजरेसमोर होता. एका काचेला तडा गेलेला, काडी कानातून सुटलेली, मला दिसत होतं. दिसत होतं आणि कळलं नाही. कळलं ते बारा वर्षांच्या पोरीला, सहा दिवसांच्या ओळखीवर.

जवळ गेले तर ह्यांचं तोंड एका बाजूला वाकडं झालेलं, उजवा हात कापडाच्या बोळ्यासारखा पडलेला. डोळे उघडे, माझ्याकडे लागलेले, आणि तोंडातून नुसता "आ… आ…". मी पाण्याचा तांब्या घेऊन धावले. हवालदारणीनं हात आडवा घातला. "पाणी नाही, काकू. घशात अडकेल." मी तिला ढकलणार होते. पण तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, ती दोघांना सांगत होती की सरांना कुशीवर कसं वळवायचं.

पीटी सर, एवढा उंचापुरा माणूस, टेंपोची किल्ली शोधत तीन तंबूंत जाऊन आला. टेंपोच नाही तर किल्ली कसली? हवालदारीण म्हणाली, "सर, गाडी थांबवायला मोठं माणूस लागतं. लहान पोरांसाठी कोणी थांबत नाही. तुम्ही अकरा जोडबरोबर जा, जवळची पायवाट त्याला माहीत आहे." आणि तो नाड्या न बांधणारा बाळ त्यांच्यापुढे असा पळाला की पीटी सर मागे पडले. चिमुरडी ह्यांची बाही वर करून लिहीत होती. मी तिच्यावर खेकसले, "अगं बाई, माणूस मरायला टेकलाय आणि तू लिहीत काय बसलीस!" तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं, पण तिनं अक्षर पुरं केलं.

"काकू," हवालदारीण म्हणाली, "तुम्ही सरांचा डावा हात धरा आणि बोलत राहा. त्यांना ऐकू येत असणार. थांबायचं नाही."

मला! बोलायला! आणि माझी दातखीळ बसली. ज्या बाईला बोलणं थांबव म्हणून सगळ्या घरानं हात जोडले, तिला एक शब्द सुचेना. तोंड उघडते, आवाज नाही. "काकू, बोला!" ती पोरगी ओरडली. मग माझ्या तोंडून निघालं, "मोरीतला नळ… अहो, मोरीतला नळ गळतोय. सात वर्षं झाली. रोज बादली भरून वाहते. असा सोडून जायचा नाही हं तो नळ, सांगून ठेवते…"

पोरांनी काठ्या-सतरंजीची झोळी केली. सहाजणांनी उचलली, दर शंभर पावलांवर दुसरे सहा. मी बाजूनं हात धरून चालतेय आणि नळावर बोलतेय. रस्त्यावर पीटी सरांनी दुधाची गाडी अडवली होती. कॅन खाली उतरवून गाडीत झोळी ठेवली. शेवटपर्यंत मी नळावरच बोलत होते. दूधवाल्याला वाटलं असेल, या बाईचं डोकं फिरलंय.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. त्यांनी एका नजरेत ओळखलं, मेंदूत रक्ताची गुठळी. चटकन मेंदूचा फोटो काढून घेतला आणि मला विचारलं, "कधी झालं? नक्की वेळ सांगा."

"दुपारी. जेवणं झाल्यावर," मी म्हटलं.

"दुपारी म्हणजे? दोन? तीन? गुठळी विरघळवायचं औषध आहे, पण ते साडेचार तासांच्या आतच द्यायचं. वेळ चुकली तर तेच औषध जीव घेईल. अंदाज नको मला."

मी पीटी सरांकडे बघितलं. ते म्हणाले, "अडीच असतील. नाही, साडेतीन. शिट्टी… मी शिट्टीची दोरी…" आणि भिंतीला टेकले. दोन मोठी माणसं, दोघांच्या समोर माणूस पडला, आणि दोघांनाही सांगता येईना. डॉक्टर मान हलवायला लागले. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

सुई लावायला नर्सनं ह्यांची उजवी बाही वर सारली आणि थांबली. "डॉक्टर, हे बघा."

हातावर सकाळचं ९.४० होतं, त्यावर काट मारलेली. त्याखाली ठसठशीत निळ्या शाईत लिहिलं होतं: ३.१० पडले. बोलता येत नाही. उजवा हात हलत नाही. आणि त्याखाली वेडंवाकडं: ३.२५ तसंच आहे. पाणी दिलं नाही.

डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळात बघितलं. पावणेपाच वाजत होते. "कोणी लिहिलं हे?"

"पोरांनी," मी म्हटलं. "पोरांनी लिहिलंय." माझ्या तोंडून ह्यांचेच शब्द निघाले. बावीस वर्षं मी हे घासून घासून काढत होते.

औषध सुरू झालं. आम्ही बाहेर बाकावर बसलो. पीटी सर हळूच म्हणाले, "वहिनी, सर हे का शिकवतात ते ठाऊक आहे ना तुम्हाला?" मी म्हटलं, हौस. त्यांनी माझ्याकडे चमकून बघितलं. मग सांगितलं. लग्नाआधी हे एका इमारतीवर कामाला होते. जोडीदार शिडीवरून पडला. भोवती पाचजण उभे. हा त्याला म्हणतोय तू उचल, तो ह्याला म्हणतोय पाणी आण. कोणी हललंच नाही, आणि तो जोडीदार सगळ्यांदेखत तिथेच गेला. त्या पाचांत हे एक होते.

एवढं ओझं उरावर घेऊन हा माणूस माझ्याशेजारी सव्वीस वर्षं झोपला आणि मला पत्ता नाही. सांगायला तोंड उघडलंही असेल कधी. पण मी बोलत असणार.

जीव वाचला. तीन आठवड्यांनी घरी आणलं. पाय ओढत का होईना, चालायला लागले. हात अर्धाअधिक परत आला. शब्द मात्र येईनात. डोक्यात आहे, कळतंय सगळं, पण जिभेवर येत नाही. व्यायाम शिकवायला येणारी ताई सांगायची, "वेळ लागू दे, त्यांचं त्यांना म्हणू द्या." पण मला धीर कुठला! ते म्हणायचे "पा…", मी म्हणायची "पाणी? हे घ्या." ते म्हणायचे "च…", मी म्हणायची "चष्मा? चहा? पंखा लावू?" त्यांची धडपड मला बघवत नव्हती. होता होता त्यांनी तोंड उघडणंच सोडून दिलं. नुसतं बोट दाखवायचे. ताई जाताना म्हणाली, "असंच चाललं तर वाचा कायमची जाईल हो." मी त्या दिवशी तीन शर्ट जाळले.

दोन महिन्यांनी दुकानाच्या दारात हवालदारीण उभी. मागे अकरा जोड. शर्टाला इस्त्री नव्हती, आईला न सांगता आला होता म्हणे. मी पोरीला जवळ घ्यायला गेले, तर ती बाजूनं सरळ आत ह्यांच्या खुर्चीपुढे जाऊन ताठ उभी राहिली. "सर, रिपोर्ट द्यायचा राहिलाय."

ह्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. नवा चष्मा, सवय जुनी.

तिनं खिशातून कागद काढला आणि वाचलं. झोळी चार मिनिटांत. गाडी बारा मिनिटांत. चुका तीन. झोळीची एक गाठ सैल होती. चुलीवरचं पातेलं उतरवायचं राहिलं. "आणि पहिली दोन मिनिटं वाया गेली, कारण मोठी माणसं हसत होती." मी मान खाली घातली. खरं होतं.

"एवढंच, सर," ती म्हणाली. "पण आमचं अजून संपलेलं नाही. तुम्ही शाबास म्हणाला नाहीत."

ह्यांचे ओठ हलले. दोन आठवडे जे हलले नव्हते ते. "शा…" मान ताणली गेली. "शा… शा…" कपाळाची शीर तट्ट फुगली.

मला राहवेना. "अगं, शा—"

"काकू." तिनं मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. "हात मांडीखाली."

माझ्या घरात, माझ्या दुकानात, बारा वर्षांची पोरगी मला सांगतेय! इस्त्रीचं बटण बंद केलं. स्टुलावर बसले. दोन्ही हात मांडीखाली घातले आणि जीभ दातांत धरली. अकरा जोड जमिनीकडे बघत होता. मोरीतला नळ टपटप गळत होता, मी मोजायला लागले. पंधरा झाले. तीस झाले. ह्यांच्या नाकावर घाम आला, डावा हात खुर्चीचा दांडा आवळत होता. शब्द माझ्या दातांपाशी येऊन उभा होता, एक तोंड उघडायचा अवकाश. साठ झाले. पोरगी जागची हलली नाही, "राहू दे सर" म्हणाली नाही. तिला हे ह्यांनीच शिकवलेलं.

"शा… शा… बा…" आणि मग, जड, बोबडं, पण अख्खं, "शाबास!"

अकरा जोडनं हुंदका दिला. हवालदारणीनं कागदाची घडी घातली आणि म्हणाली, "आता संपलं."

पण हे तिच्याकडे बघत नव्हते. मान वळवून माझ्याकडे बघत होते, माझ्या मांडीकडे, आणि पुन्हा एकदा म्हणाले, "शा…बास." आणि माझे हात मांडीखाली, त्यामुळे मला डोळे पुसायचीही सोय नव्हती.